आक्काच्या डब्यातला पाला

ठाकुर्ली,
मंगळवार, १३ मे २०२५

चंद्राआक्का,

मालनचा वाकून नमस्कार. कोपरीला सगळे बरे असतीलच. तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे उकाड्याने जीव नकोसा झालाय, बाकी आम्ही मजेत.

फोन सोडून ही बया कागद काय काळा करतेय, म्हणाल. फोनवर तुम्ही लगेच "साईला दे" म्हणता, फोन यांच्या हातात जातो, की माझं राहिलंच. म्हणून आज कोपरीला निघालेल्या सोनलबरोबर तुमचा डबा पाठवतेय, त्यात ही चिठ्ठी. डबा रिकामा परत करायचा नाही हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून फणसाच्या आठळ्या उकडून घातल्यात.

बुधवारचा पाला मिळाला. मुळ्याचा, बिटाचा, वर शेवग्याचा. तुमच्या भाजीच्या गाडीवर गिऱ्हाईकं "मावशी, पाला काढून द्या" म्हणतात आणि तुम्ही तो निवडून भावाला धाडता. सासूबाई गेल्यावर याच पाल्यावर तुम्ही यांना वाढवलंत. "लोकं ताकद माझ्या गाडीवर टाकून जातात नि घरी गोळ्या खातात," हे तुमचं म्हणणं मी शेजारणींना ऐकवते. खोटं नाहीच ते. लोह काय, सगळंच असतं त्यात. डॉक्टरही तेच म्हणाले.

हां, डॉक्टर. आता लिहितेच.

गेल्या आठवड्यात यांना पित्त झालंय म्हटलं ना मी, ते पित्त नव्हतं. चहा पिताना ओठ एका बाजूला लोंबला, चहा सगळा शर्टावर. मला हाक मारायला गेले, तर नुसतं "मा... मा..." तासाभराने बोलायला लागले. मेंदूत रक्ताची बारीक गुठळी अडकली होती, पुढच्या वेळी इतक्यावर निभावेल असं नाही, डॉक्टर म्हणाले.

हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झाल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. हिरव्या पाल्यात रक्त गोठवायला मदत करणारं जीवनसत्त्व असतं. रोज थोडा, तेवढाच खाल्ला तर चालतो. आमच्याकडे डबा आला की दोन दिवस ताटभर, मग आठवडाभर नाव नाही. गोळीचा हिशेबच बसेना.

हे ऐकत नाहीत. त्यानंतरच्या बुधवारीही पुन्हा ताटभर खाल्ला. मी अर्धा पाला शेजारच्या रसिकाला दिला, तर दोन दिवस अबोला! "आक्काने धाडलेलं वाटायचं नाही. तिला कळलं तर काय वाटेल?" तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हा माणूस जीव धोक्यात घालतोय. राग आला तर मला चार शिव्या घाला, पण मला भीती वाटते हो.

तुमच्या हातचं बंद करू नका. दुधीच्या सालींची चटणी, कलिंगडाच्या सालीलगतच्या पांढऱ्या गराची भाजी, काहीही द्या. डॉक्टरांना विचारलंय मी, चालतं. पाला मी इथे रोज मूठभर करीन.

उद्या डबा धाडू नका, तुम्हीच या. जन्मभर त्यांना "अजून एक घास" म्हणालात. एकदा समोर बसून "साई, बस झालं" म्हणा. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत ते.

आता पूर्ण हाक मारतात मला. मी पहिल्या हाकेला मुद्दाम ओ देत नाही. पुन्हा एकदा ऐकायची असते.

तुमची भावजय,
मालन