एकच वही

४ मार्च

चि. मास्तरास,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक. म्हणजे अण्णा सकाळी मला, पोटच्या लेकीला, ओळखतात आणि संध्याकाळी नवीन कामाला लागलेली बाई समजून सूचना देतात. फोन केला की ते शेजारी कान देऊन बसतात आणि मग दिवसभर घोर लावून घेतात, म्हणून पत्र.

तुझ्या त्या फुकटच्या वहीनं घोटाळा केला आहे. परवापासून मोबाइलवर रंगांची एकही कृती उघडत नाही. सेवा बंद झाली, आपली फाईल महिनाअखेरपर्यंत उतरवून घ्या, एवढीच सूचना येते. पाणी उकळत ठेवलंय, सुताच्या लड्या भिजल्यात, आणि निळ्याला मीठ किती ते मला ठाऊक नाही. तीस वर्षं या कारखान्यात हात माझे चालले, पण मापं अण्णाच वाचून दाखवायचे.

दोन वर्षांपूर्वी अण्णा रंगांची वही भट्टीच्या कडेला विसरले, तेव्हा तूच घाबरलास आणि तीन आठवडे रजा काढून सगळी वही मोबाइलमधल्या या फुकटच्या वहीत टाइप केलीस. एकेक पान झालं की मी ते फाडून भट्टीत टाकत होते. दवाखान्याच्या पडद्यांना दोन वह्यांमुळे दोन वेगवेगळे हिरवे लागले, त्या वर्षापासून घराचा नियमच तो. दोन वह्या म्हणजे एक खोटी, असं अण्णा म्हणतात. हे लोक फुकट का देतात, असं मी तेव्हा विचारलं होतं. फुकट ते पौष्टिक, असं म्हणून तू हसला होतास. आता लवकर काहीतरी कर.

अण्णांचा आशीर्वाद आहेच, माझाही.
तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. फाईल उतरवून घेतली. चांगली जाडजूड आहे, म्हणजे सगळं आत आहे. एवढी मोठी कंपनी कोणाचं काही बुडवत नाही. रविवारी निवांत बसून छापून काढतो आणि पाठवतो. तोवर पांढरं सूत विक, रंगाची कटकटच नको.

अण्णांना नमस्कार. लोभ नेहमीचाच ठेव, रागाचा वाटा थोडा कमी कर.
तुझा मास्तर


१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवार होऊन चार दिवस झाले.

फाईल त्यांच्याच वहीत उघडते, आणि ती वही त्यांनी मिटली आहे. दुसऱ्या कशातही उघडली तर पानभर चौकोन दिसतात. आमच्या ग्रंथालयाचे संगणक सांभाळणाऱ्या बाईंना दाखवली. त्यांनी दोन संध्याकाळी घालवल्या. आतली मांडणी कंपनीनं कधी कोणाला सांगितलेली नाही, त्यामुळे कुलूप त्यांचं आणि किल्लीही त्यांचीच, असं त्या म्हणाल्या. साध्या मजकुरात एक प्रत का ठेवली नाहीत, असंही त्यांनी विचारलं. मी रोज लोकांना पुस्तकं जपायला सांगतो, ताई.

कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिन्ही वेळा आभाराचं एकच छापील उत्तर आलं.

बाईंच्या खटपटीतून फक्त नावं निघाली. चारशे बारा रंगांची नावं, खाली काही नाही. यादी सोबत जोडली आहे.

चूक माझी आहे. तू रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिही.
मास्तर


२६ मार्च

चि. मास्तरास,
अ. उ. आ.

यादी अण्णांना वाचून दाखवली. 'जुना करडा' म्हटल्यावर ते खूश झाले आणि कोणी मित्र भेटल्यासारखं तो कसा आहे, बरा आहे ना, असं विचारलं. 'ताईचा लाल' ऐकून मात्र त्यांनी माझा पदर बोटांत धरून पाहिला. कृती एकही सांगता आली नाही.

अंदाजानं निळा करून पाहिला. पाच वेळा केला. प्रत्येक वेळी अण्णा लडी बोटांत फिरवतात आणि हा नव्हे म्हणतात. काय कमी आहे विचारलं की रडवेले होतात, म्हणून आता विचारत नाही. शाली विणणाऱ्या बाई, ज्या वीस वर्षं आपलाच निळा नेतात, काल नमुना माझ्या हातात परत देऊन गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण रात्री एक आठवलं. तू नोकरीला गेल्यावर अण्णा तुला आठ वर्षं दर आठवड्याला पत्र लिहायचे आणि शेवटी त्या आठवड्याच्या रंगाची कृती, मापासकट. तू कंटाळायचास, मला आठवतं. ती पत्रं तू टाकणार नाहीस. सगळी रजिस्टरनं पाठव. मास्तर, मला पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

वाट पाहते आहे.
ताई


३१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ती पत्रं नाहीत.

त्या रजेवरून परतल्यावर मी सगळ्यांचे फोटो काढून त्याच वहीत घातले. अण्णांचं अक्षर एका ठिकाणी राहावं म्हणून. एकेक फोटो नीट आला की पत्र फाडलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याच घरात वाढलो, माझा हात आपोआप गेला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि तेही फुकटचं.

आज त्यांची मुदत संपली. यापुढे काय लिहू?
मास्तर


१४ एप्रिल

चि. मास्तरास,
अ. उ. आ.

तुझ्यावर रागवायला आठवडा काढला, जमलं नाही. पानं फाडणारे हात माझेच होते.

नवव्या खेपेला निळा जवळपास आला. तो नव्हेच, पण त्याच्या गल्लीतला आहे. पाणी बारा लिटर, मीठ तीन मुठी, व्हिनेगर अर्धा पेला, सूत पाऊण तास, आणि रंगाची पूड या पानाच्या मागे लिहिली आहे तशी. अण्णा हा नव्हे म्हणाले, पण लडी खाली ठेवली नाही. शालवाल्या बाई आता दुसरीकडून घेतात.

लोभ वाढू दे असं म्हणत नाही. आहे तेवढा टिकला तरी पुरे.
तुझी ताई

ता. क. या पत्राच्या मी दोन प्रती केल्या होत्या, एक तुला आणि एक कारखान्यात. पाकीट आणायला गेले तेवढ्यात दोन्ही अण्णांच्या हाती लागल्या. त्यांनी शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, बरोबर आहे म्हणाले, आणि एक भट्टीत टाकली. मला ओळखलं नाही, पण नियम लक्षात आहे. इतके समाधानी दिसले की मी पुन्हा लिहायला बसले नाही. तुला आलेली ही उरलेली.