कात्रीचं बाळंतपण

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, भावोजींचा खोकला गेला का, सविस्तर कळव. आम्ही सगळे खुशाल. सगळे म्हणजे मागच्या पत्रापेक्षा दोन जास्त. थांब, क्रमाने सांगतो. गोष्ट आठ दिवसांपूर्वीची.

शेजारचे सुतारकाका लेकाकडे राहायला गेले, तेव्हा त्यांची शेळी हिने ठेवून घेतली. (मला विचारलं होतं. शेळी बांधून झाल्यावर.) दुकानात दिसेल ते कुरतडते म्हणून तिचं नाव कात्री. आजवर दोन टेपा आणि एका वकिलाच्या पँटचा खिसा तिच्या पोटात गेलाय. गिऱ्हाइकं हसतात. हसत नाहीत त्या फक्त मुख्याध्यापिका बाई. त्यांना अर्धं सूत इकडचं तिकडे चालत नाही. माझी शिलाई त्या उत्तरपत्रिकेसारखी तपासतात.

तर शुक्रवारी बाई निवृत्तीच्या समारंभाचा कोट घालून बघायला आल्या, आणि नेमकी तेव्हाच कात्री टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर कळा देऊ लागली. करडाचा एक पाय बाहेर आला आणि पुढे काही हलेना. जनावरांचे डॉक्टर दूर एका घोड्याकडे गेलेले; तासाभराने येतो म्हणाले. कात्री टाहो फोडत होती आणि मी गळ्यातली टेप नुसती गुंडाळत आणि सोडत होतो. (मापं घेणाऱ्या माणसाला अशा वेळी कुणी विचारत नाही, हे एक बरं.) बाईंनी टाचण्यांसकट कोट उतरवून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "साबण आणा."

ताई, लहानपणी त्यांच्या घरी तीस शेळ्या होत्या! कोपरापर्यंत साबण लावून त्यांनी आत मुडपलेला पाय हलकेच सरळ केला, आणि पुढच्या कळेला करडू बाहेर. पण निपचित. ही तर रडायलाच लागली. बाईंनी माझ्या हातातला कोट ओढला आणि त्याच्या अस्तराने करडाला असं खसाखसा चोळलं की माझी नऊ दिवसांची शिलाई उसवली. आणि ते शिंकलं! दुसरं करडू तर कुणाची वाट न बघता आपलं आपण आलं.

बाई तशाच जमिनीवर बसल्या, मांडीवर ओलं करडू, केस सुटलेले. म्हणाल्या, "सोमवारपासून घरी बसून काय करायचं, हाच विचार करत होते मी." आणि हसल्या. अकरा वर्षं माझ्याकडे कपडे शिवतायत, त्यात प्रथमच. समारंभाला जुन्याच कोटात गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दुकानाच्या दारात हजर, करडाला बघायला.

तुझा धाकटा

ता.क. घरमालक म्हणतात, दुकानात एक शेळी चालेल, तीन नाही. तुझं अंगण केवढं मोठं आहे, याची आम्ही काल सहज आठवण काढली.

ता.ता.क. करडं आईशिवाय राहायची नाहीत, म्हणून कात्रीही येतेय. हे पत्र टेम्पोवाल्याच्याच हाती दिलंय, तेव्हा वाचून झालं की फाटक उघड. पुढच्या सीटवर बाई आहेत. त्यांना चहा बिनसाखरेचा लागतो.