कासवाचं खरं नाव

अगं,

मी वाचनालयात जाऊन बसतो. आपला थोरला तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही, पण होड्यांच्या ऑनलाइन गेममध्ये रोज बोलतो. तिथे माझं नाव कासव. मी कोण, ते त्याला ठाऊक नाही. "कासवदादा, झोपलात का, वल्हवा की," म्हणतो. तुला सांगायचं धाडस झालं नाही.

गेमच्या कंपनीने आता प्रत्येकाला फोनचं खातं गेमला जोडायची सक्ती केली आहे. जोडलं की खरं नाव सगळ्यांना दिसतं. लोक संतापलेत, गेम सोडताहेत. मीही सोडणार होतो. आज सकाळी मात्र जोडून टाकलं. चुकलो असेन. तेव्हापासून काहीच वाटत नाहीये.

मोबाइल टेबलावर ठेवलाय. त्याचा फोन आला तर तू घे. चिडला असेल तर माझी बाजू घेऊ नकोस. नाहीच आला, तर वाचनालय बंद झाल्यावर येतो.

मी