मरीयेचा न सुकलेला झगा

सर, आज ते चित्र पुन्हा माळ्यावरून काढलं. कंपनीत दिवसभर धाग्याच्या शेड जुळवून डोळे दमतात, घरी आल्यावर काही बघायला नको वाटतं, तरी काढलं. तुम्ही जाऊन दहा वर्षं होतील आणि एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

शाळेत तुम्ही आमचे ड्रॉइंगचे सर, पण तैलरंग शिकवलेत ते सिल्वासाच्या तुमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघरात, रविवारी. भिंतीवर परदेशी कॅलेंडरचं पान. देवदूत मरीयेला, येशूच्या आईला, निरोप सांगायला आलाय, मागे पितळेची किटली टांगलेली. काही शतकांपूर्वीचं, थंड मुलखातलं चित्र. तेच हुबेहूब काढत शिकायचं, हा तुमचा हट्ट. झग्याचा निळा एकदम द्यायचा नाही. जवसाच्या तेलात पातळ करून एक हात, तो सुकला की दुसरा. मी वैतागायची. तुम्ही आपले म्हणायचात, "घाई नको गो. सुकूदे."

मग तुमचा खोकला वाढला. चित्राखाली तुझं नाव आलेलं मला बघायचंय, असं एकदा म्हणालात, आणि झग्याचे शेवटचे हात मी घरीच देऊ लागले. तिथे जवसाच्या तेलाची बाटली माझ्या हातून सांडली. तुम्ही ती मुंबईहून मागवलेली. जवसाची चटणी आमच्या खानदेशी घरात रोजची, पण तेल कुठलं असायला? तुमच्या रागाला घाबरून मी आईच्या बरणीतलं फोडणीचं गोडेतेल रंगात घातलं. शेंगदाण्याचं तेल सुकतच नाही, हे मला काय ठाऊक. दर रविवारी तुम्ही विचारायचात, सुकलं का? मी सांगायची, हवा पावसाळी आहे सर. ती दिवाळीनंतरही पावसाळीच राहिली.

शेवटी चित्र घेऊन दवाखान्यात आले. तुम्ही झग्याला बोट लावलंत, ते नाकापाशी नेलंत आणि माझ्याकडे पाहिलंत. मी मान खाली घातली.

"राहूदे," तुम्ही म्हणालात. "सुकेल तेव्हा नाव घाल. तोवर तू माझ्याकडेच शिकतेस."

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

आज बोट लावून पाहिलं. अजून चिकट आहे, धूळ बसलीय. तेव्हा खोटं बोलले याची लाज वाटते, सर. तेवढा झगा पुसून नव्याने रंगवायला काही रविवार पुरतील. जवसाच्या तेलाची बाटली आणून ठेवलीय, त्यालाही वर्ष झालं. मी ती उघडलेली नाही.