भामाबाईंची फूटपट्टी

प्रिय सरिता,

शाळेत तू मुख्याध्यापिका, म्हणून मी तुला मॅडम म्हणते. आज मॅडमशी बोलायचं नाही, लहानपणच्या सरिताशी बोलायचंय, म्हणून फोन बाजूला ठेवून कागद घेतला. माझी सोनिया मंगळवारपासून शाळेत नाही. ताप आहे असं मी कळवलं, ते खोटं नाही. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरगी पाणी पीत नाही, लघवी धरून ठेवते, त्यानं हे झालंय. फ्रॉकखालची ती काळी शॉर्ट ती अंगावरून काढायलाच तयार नाही. झोपताना नाही, आंघोळीलाही नाही. नऊ वर्षांची पोर, एप्रिलचं हे ऊन, मांड्यांना पुरळ उठलंय, आणि मी जवळ गेले की दोन्ही हातांनी इलॅस्टिक घट्ट धरते. माझी अक्कल चालेनाशी झाली आहे.

आपण फ्रॉक चड्डीत खोचून खो-खो खेळायचो, आठवतं? कुणाची चड्डी कुठल्या रंगाची, याचं कुणाला काही नसायचं. निदान आपल्याला तरी. सोनिया मात्र शाळेच्या मैदानातल्या बारला उलटी लटकली तेव्हा वर्गातली पोरं चड्डीच्या रंगावरून चिडवत सुटली, आणि तिनं बारकडं जाणंच सोडलं. मग दिवाळीनंतर शाळेनं फ्रॉकखाली काळी शॉर्ट घालायचा नियम केला. शहागंजच्या बाजारातून होजिअरीचं कापड आणून साऱ्या चौथीच्या शॉर्ट मीच शिवल्या. महिनाभर पोरगी माकडासारखी लटकत होती. तेवढं चांगलं झालं, ते मी नाकारत नाही.

पण मग प्रार्थनेच्या रांगेत तपासणी सुरू झाली. शाळेतल्या शिपाई भामाबाई फूटपट्टीनं फ्रॉकची कड उचलून बघायच्या. त्या बिचाऱ्या सांगितलेलं काम करत होत्या. गेल्या सोमवारी सोनियाची शॉर्ट वाळली नव्हती. ती दारात अडून बसली, आणि मी घाईत म्हणाले, जा गं, एक दिवस कोण बघतंय. तिला रांगेतून बाहेर काढलं. मुलांच्या रांगेसमोर. सगळ्यांना चड्डी दिसली आणि पोरं पुन्हा चिडवत सुटली, ते तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून ती म्हणते, सरिता मॅडम लई वाईट आहेत, भामाबाई लई वाईट आहेत. मी शेजारी बसून ऐकते आणि गप्प राहते.

गप्प राहते, कारण तपासणीची मागणी माझी होती. पालकसभेत तू म्हणाली होतीस, पोरींचे फ्रॉक वर करून बघायचे का आपण? मी तुला बोलू दिलं नाही. नियम केला तर पाळला जातो का ते बघायला नको का, असं म्हणत बाकी पोरींच्या आयांच्या सह्या गोळा केल्या. तू नमलीस, आणि आजवर कुणाला माझं नाव सांगितलं नाहीस. आज तिचे पप्पा वाळूजच्या कंपनीतून घरी यायच्या आत मी तिला सगळं सांगणार आहे. त्यानंतर ती मला जवळ येऊ देईल असं वाटत नाही. म्हणून लिहितेय. सोमवारपासून ती फूटपट्टी बंद कर, आणि त्याआधी उद्या घरी ये. मॅडम म्हणून नको. तिच्याजवळ बस, आपल्या खो-खोचं सांग, आणि ती शॉर्ट तिची तिला काढू दे. मी तोवर बाहेर ओट्यावर थांबेन.

तुझीच,
सुरेखा