खोगीर कोणी मागवलं?

हॅझलरॉइड, मंगळवार

ती. लिनेटताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (वाकून केलेला नाही. वाकलं की अजून समोरची भिंत सरकते.) तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला? आईला बंदरावरची हवा मानवते, की अजून शेजारणीला नावं ठेवल्यावरच तिला भूक लागते? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेही लिहून टाकतो. रविवारी फोन करते म्हणाली होतीस, केला नाहीस. ड्यूटी लागली असेल. मी रागावलो नाही. जिन्याखाली फोनपाशी बराच वेळ बसलो होतो, एवढंच आठवतं. पत्र पाहून दचकू नकोस. डॉक्टरीणबाईंनी टीव्ही, मोबाइल, मोठा आवाज आणि बिअर बंद केली आहे. पेन्सिल बंद करायची त्यांच्या ध्यानात राहिली नाही.

केल्डथॉर्पविरुद्धच्या सामन्याचं तुझ्या कानावर आलंच असेल, कारण ते सगळ्यांच्याच कानावर गेलंय. रग्बीतलं माझं काम तुला माहीत आहे. आमचे पळणारे सुंदर लोक कडेला केस सावरत उभे असतात, आणि सुरुवातीचा चेंडू काखेत घेऊन समोरच्या तिघांच्या छातीत घुसायचं काम माझं. सतराव्या वर्षापासून मी तेच करतोय. त्यात काही कला आहे असं मी कधी म्हटलं नाही. रेड्यालाही शिकवता येईल, फक्त रेडा एकदाच घुसेल आणि मग विचार करील. तर मी घुसलो, पडलो, उठलो आणि शिस्तीत ओळीत जाऊन उभा राहिलो. ओळ केल्डथॉर्पची होती. एवढ्यावर भागलं असतं, पण पुढच्या क्षणी चेंडू घेऊन आमचाच हाफबॅक माझ्या समोरून पळाला आणि मी त्याला असा आडवा केला की अख्ख्या हंगामात माझा एवढा स्वच्छ टॅकल झाला नव्हता. केल्डथॉर्पच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडचा टोंगा बेटांवरचा सेमिसी, ज्याने मला पाडलं होतं तोच, माझा हात धरून मला पलीकडे घेऊन गेला. "चला दादा," म्हणाला, "तुमचं घर तिकडं." मैदानभर हशा पिकला. मीही हसलो, सगळे हसत होते म्हणून. सेमिसी तेवढा हसत नव्हता.

आता येत्या गुरुवारी तुमच्याच इस्पितळात माझ्या डोक्याची परीक्षा आहे. पास झालो तर रविवारी खेळायचं आणि पुढच्या वर्षाचा करार. नापास झालो तर बूट खुंटीला. ही परीक्षा इस्पितळापर्यंत गेली ती आमच्याच पुढच्या फळीच्या हुशारीमुळे. त्याचं असं आहे, की हंगामाच्या आधी, डोकं धड असताना, क्लबात सगळ्यांची एक चाचणी होते. पाच शब्द ऐकवतात, मग महिने उलटे म्हणायला लावतात, एका पायावर उभं करतात आणि शेवटी ते पाच शब्द परत विचारतात. पुढे डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा. पहिल्याइतके गुण पडले की जा खेळायला. आता तूच सांग, पोटासाठी खेळणारा माणूस पहिल्या वेळी किती गुण पाडील? दर जानेवारीत आमची अख्खी पुढची फळी वेड पांघरून पेडगावला जाते. स्टुअर्टने तर महिने उलटे म्हणताना सुरुवातच मंगळवारपासून केली. जुने डॉक्टर हे सगळं निमूट लिहून घेत. यंदा आलेल्या ओयेलारनबाईंनी कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "या हिशेबानं तुमच्यापैकी कुणालाही बुटाची नाडी बांधता येऊ नये. आणि सगळे बांधून आलाय." (स्टुअर्टच्या सुटलेल्या होत्या, पण ते अंगभूत आहे.) तेव्हापासून आम्हा लोकांचा निकाल बाहेरच लागतो. खरं सांगायचं तर यंदा जानेवारीत मी मुद्दाम चुकलो होतो की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. मुद्दामच चुकलो असेन. दरवर्षी चुकतो.

आमच्या कोचचं वय तुझ्या थोरलीपेक्षा जरा जास्त असेल. त्याने मला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली (खुर्ची दिली की समजावं) आणि म्हणाला, "रसेल, तू पास हो बाबा, बाकीचं मी बघतो." नापास झालो तर काय, हे त्याने विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. मला दुसरं काही येतच नाही ना ताई. सासरेबुवा म्हणतात त्यांच्या रुबार्बच्या शेडमध्ये ये. काळोखी शेड, त्या आंबट देठांवर उजेड पडू द्यायचा नाही, तोडायचे तेही मेणबत्तीवर. परवा तासभर तिथे बसलो. अगदी शांत असतं, आणि तो रुबार्ब वाढताना टक टक आवाज करतो. सासरेबुवांना त्यात संगीत ऐकू येतं. मला वाटलं, सगळं गाव खेळायला गेलंय आणि मला इथे कोंडून कोणीतरी बोटं मोडतंय. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडलो. हे आईला सांगू नकोस.

पण हे पत्र लिहायचं कारण मी नाही, शेरिल आहे. ताई, मला तिची काळजी वाटायला लागली आहे. काल सकाळी मी घराबाहेर पडलो तो तिने सांगितलेल्या पाच वस्तू आणायला. सफरचंद, मेणबत्ती, उशी, खोगीर, गोगलगाय. एकही विसरलो नाही, शाळेतल्या पाढ्यासारख्या घोकत गेलो. सफरचंद समजण्यासारखं होतं, तिला ॲपल-पाय करायचा असेल. मेणबत्ती तिच्या बापाच्या शेडसाठी. उशी माझ्या मानेसाठी, म्हणून तर मला भरूनच आलं. खोगिराचं मला कोडं पडलं, नाही असं नाही. पण इतकी वर्षं संसार केल्यावर बायकोने अमुक कशाला मागवलं हे मी विचारत नाही. एकदा विचारलं होतं तेव्हा माझ्याकडून अख्खी बैठकीची खोली रंगवून घेतली होती.

कालव्याकाठी घोडे शिकवणाऱ्या थ्वेटबाईंकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मागे घोडा आहे का ते बघितलं आणि एक जुनं खोगीर दिलं. ते खांद्यावर टाकून भर बाजारातून चालत आलो. मटनवाल्याने दुकानातून हाळी दिली, "काय रस, रविवारी घोड्यावर बसून येतोयस काय? तेवढाच जरा पळशील." मी हात हलवला. गोगलगाय आपल्याच कोबीत मिळाली, ती सगळ्यात सोपी गेली. काड्यापेटीत ठेवली. सगळं नीट ओट्यावर मांडून ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

शेरिल कामावरून आली. ओट्याकडे बघत राहिली. "हे काय आहे?" म्हणाली. म्हटलं, तूच सांगितलंस. "मी? खोगीर? कशाला, तुझ्यावर टाकायला?" म्हटलं, ते मला काय माहीत, तू म्हणालीस, मी आणलं. आता नेहमीची शेरिल असती तर तिने मला गोगलगायीसकट बाहेर काढलं असतं आणि मला बरं वाटलं असतं. पण ती नुसतीच ओटा आवरायला लागली. मध्येच तिने काड्यापेटी उघडली आणि फार हळू बंद केली.

बाई स्वतः पाच वस्तू सांगते आणि संध्याकाळपर्यंत साफ विसरते, याला काय म्हणायचं? आणि हे एवढंच नाही. किटली गॅसवर जाळते आणि मी जाळली म्हणते. सेमिसीने मला हात धरून नेल्याचं तिला सांगायला लागलो, तर म्हणते हे तू मला रोज सांगतोस. तिच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं ना? मला फार भीती वाटते. मी तिला काही बोलत नाही, गप्प उशी घेऊन झोपतो. तू इस्पितळात इतकी वर्षं आहेस. गुरुवारी मी येईन तेव्हा तीही बरोबर असेल. बोलता बोलता, तिला कळू न देता, जरा तिची परीक्षा घे. माझ्यामुळे तिच्या डोक्याला एवढा ताप झालाय की मला माझीच लाज वाटते.

आईला नमस्कार, दाजींना मधाचं चाटण, पोरींना मामाचा पापा.

तुझा,
रसेल

ता. क. — ताई, खरं म्हणजे आणखी एक गोष्ट होती. मी तुझ्याकडे आजवर असलं काही मागितलं नाही. तुमच्या विभागात त्या परीक्षेला कित्येक वर्षं तेच पाच शब्द विचारतात असं स्टुअर्ट म्हणतो. ते मला कळव. मी पाठ करीन. मला आणखी एक वर्ष हवंय गं, फक्त एक. पत्राने नको, शेरिल उघडते. फोन कर.

दुसरा ता. क. — पाकीट चिकटवायच्या आधी शेरिलने पत्र वाचलं. (मी दिलं नव्हतं. तिने घेतलं.) वाचता वाचता ती जिन्यावर बसली. म्हणते, रविवारी तुझा फोन आला होता. म्हणते, मीच तुझ्यामागे लागलो होतो, तू आधी खूप रागावलीस आणि मग ते पाच शब्द सांगितलेस. मी जिन्याखाली उभा राहून तेच शब्द परत परत मोठ्याने म्हणत होतो, ते तिने स्वयंपाकघरातून ऐकले होते. पण तेव्हा तिने लक्ष दिलं नव्हतं, आणि काल ओट्यावर नुसत्या वस्तू बघून तिला ते आठवलं नाही. आत्ता पत्रात ओळीने वाचल्यावर आठवले. सफरचंद, मेणबत्ती, उशी, खोगीर, गोगलगाय. तेच का गं?

तिसरा ता. क. — शेरिल म्हणते पत्र राहू दे, मी फोन करते. मी म्हटलं एवढं लिहिलंय तर जाऊ दे, आज टाकलं की उद्या पोचेल. ताई, मी आता बराच वेळ बसून विचार केला. गुरुवारी ते मला पाच शब्द विचारतील आणि मी पाचही बिनचूक सांगीन. ते आता माझ्या डोक्यातून जाणार नाहीत, बाकी सगळं गेलं तरी. मी पास होईन. कोच पुढच्या वर्षाचा करार समोर ठेवील आणि मी सही करीन, मला माझी खात्री आहे. म्हणून तू सुट्टी काढ आणि आत माझ्याबरोबर बस. मी पास झालो की त्यांना खोगिराची गोष्ट सांग. मी तुला गप्प बस म्हणेन. तू ऐकू नकोस.