गाडी मागून कशी वाटते

माय, आमच्याकडे मोठी गाडी घ्यायचं घाटत होतं. मोठी गाडी म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे चिखल्याच्या खाणीतून मँगनीज भरून निघणारा ट्रक येईल. ही तेवढी मोठी नाही, पण तोरा ट्रकापेक्षा जास्त. दार उघडलं की पाय ठेवायची पायरी आपोआप बाहेर येते. छताला काच, साईच्या रंगाच्या चामड्याच्या गाद्या, आणि पुढच्या सीटवर बटण दाबलं की पाठ चेपून मिळते. तुझी पाठ जन्मात कोणी चेपली नाही, इथे सीट चेपते. किंमत सांगत नाही. तेवढ्यात पवनीत चांगलं दोनमजली घर उभं राहतं, एवढ्यावर काय ते समज. ही गाडी पैशाच्या लायकीची आहे का, हे ठरवायचं काम घरातल्या पुरुषांचं होतं. ते शेवटी माझ्या गळ्यात कसं पडलं, ते तुला सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, बाईला गाडीतलं काय कळतं.

गाडी घ्यायची ती तुझ्या नातसुनेसाठी. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा काही महिन्यांतच सगळं संपलं. दुसऱ्या वेळी ती पोर भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि मी उंबऱ्यातून बघून परत फिरायची, कारण काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. या वेळी सातवा महिना लागला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी वरचेवर तपासायला बोलावलं आणि बजावून ठेवलं, प्रवास करा, पण गचके बसू देऊ नका. आमची जुनी गाडी म्हणजे एकेक हाड मोजून देणारी. मग तुझ्या जावयाने भर राईस मिलमध्ये, भरडाईला आलेल्या माणसांसमोर जाहीर करून टाकलं, "सुनेसाठी गाडी घेऊन राहिलो." त्यांचा तिच्यावर जीव आहे, त्यात खोट नाही. पण हौसेलाही निमित्त हवंच होतं, तेही मिळालं.

शोरूमचा माणूस नागपूरहून गाडी घेऊन आमच्या मिलच्या आवारात आला. चालवून बघायला. "सूनबाईले घ्या सोबत," हे म्हणाले, "तिच्यासाठीच तं आहे." आणि आम्ही बसलो. हे चालवायला, शेजारी शोरूमवाला. मधल्या रांगेत थोरले भासरे, यांचे मोठे भाऊ, ज्यांच्या शब्दाशिवाय आमच्या मिलमध्ये पोतंही हलत नाही, आणि त्यांच्याजवळ माझा मुलगा. आम्ही दोघी तिसऱ्या रांगेत. आम्हाला तिथे बसा असं कोणी म्हटलं नाही. भासऱ्यांच्या शेजारी सून बसत नाही, हे आमच्या घरात सांगावं लागत नाही. मधली सीट वाकवून, पोट सांभाळत, जवळजवळ रांगत ती आत गेली. माळ्यावर चढवावं तसं मागे घातलं आम्ही तिला. तेव्हा मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. "हळू व्हय," एवढंच म्हणाले मी.

डांबरी रस्ता होता तोवर सगळं छान. आसगावकडे वळलो आणि पुढे रस्ता खोदून ठेवलेला, गिट्टी पसरलेली. मला वाटलं, इथून परत फिरतील. पण यांना तर तेच हवं होतं. शोरूमवाला म्हणाला, "सर, बिनधास्त घ्या, गड्डा आला ते समजणारच नाही." पुढे दोघांच्या मध्ये पाण्याची बाटली ठेवली होती, तिच्यातलं पाणी हलतं का ते तिघे-चौघे वाकून बघत होते. हललं नाही. भासरे खूश होऊन म्हणाले, "अरे, हे तं नदीच्या डोंग्यात बसल्यावानी वाटून राहिलं!" आणि मागे आमच्याकडे डोंगा बुडत होता. आमची सीट नेमकी मागच्या चाकांवर. पुढचं चाक खड्ड्यात अलगद उतरायचं, कोणाला काही नाही, आणि क्षणभराने आमच्या बुडाखालून असा दणका यायचा की दात एकमेकांवर आपटायचे. चाकं उंच, पण त्यावरचा रबर पातळ. एकेक खडा खालून बोलायचा. गुडघे छातीशी आलेले. सूनबाईचा हात चाचपडत आला आणि माझं मनगट धरून बसला.

"आई," ती माझ्या कानाशी म्हणाली, "पोटात ओढून राहिलं."

आणि त्याच वेळी यांनी आरशातून विचारलं, "काहो, मांगं कसं वाटून राहिलं?"

माय, माझ्या तोंडून काय निघालं असेल? "चांगलं आहे." मनात यायच्या आधी जीभ बोलून मोकळी झाली. ती माझी जीभ नव्हतीच, तुझी होती.

कारण मी परत त्या जीपमध्ये बसले होते. मामाच्या लग्नाहून आपण आसगाववरून चिखल्याला परत चाललो आहोत. खाणीतल्या कोण्या ठेकेदाराची जीप, बाबांनी मोठ्या मिनतवारीने मिळवलेली. बाबा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, काकांसोबत. मागे लाकडी फळीवर आपण बायका-पोरं, मध्ये ट्रंक, पायाखाली स्टेपनी. धूळ अशी की समोरच्या बाईचा चेहरा दिसत नाही. तुझं पोट मोठं आहे. तू एक हात छताच्या गजाला आणि एक हात पोटाखाली धरून बसली आहेस, ओठ आत ओढून. प्रत्येक खड्ड्याला तू फळीवरून अधर होतेस, म्हणजे दणका पोटापर्यंत जाऊ नये. मला ते दिसतं. मी ओरडते, "बाबा, गाडी थांबवा, मायले बरं नाही!" जीपच्या आवाजात पुढे काही ऐकू जात नाही, म्हणून मी दुसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडते, तर तू माझ्या मांडीला असा चिमटा काढतेस की डोळ्यांत पाणी येतं. "चूप बस. लोकाईच्या गाडीत बसलो, कायले बोंबलतं?" मी चूप बसते.

पुढचं तुला सांगायला नको. खाणीच्या कॉलनीतल्या त्या एका खोलीत, चुलीच्या बाजूला शेजारच्या बायकांनी लुगडं आडवं धरलेलं, आणि मला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर काढलेलं. माझा तो भाऊ रडला नाहीच. आणि मग काही दिवसांनी तू चुलीपुढे तांदूळ निवडत बसली होतीस, तोंड पिवळं पडलेलं, आणि भेटायला आलेल्या बाईला म्हणालीस, "नाही, जीप चांगली होती. एसटीनं आलो असतो तं कितीकदा उतरावं लागलं असतं." माय, मी ते ऐकलं. तेव्हापासून एक प्रश्न मी पोटात घेऊन फिरते. तू काहून नाही म्हटलंस, गाडी थांबवा? पुढे माझं लग्न झालं, पाठवणीच्या गाडीत मला मागेच बसवलं, तर तू खिडकीतून घडी केलेली लहानशी गोधडी आत सरकवलीस. "खाली घेऊन बसजो. कोणाले सांगू नको." मला तुझी तीच एक भेट पक्की आठवते, आणि खरं सांगू, तिचा मला रागही येतो. मायेने दिलीस, पण सोबत गप्प बसणंही घडी घालून दिलंस.

पुन्हा दणका बसला आणि सूनबाईची नखं माझ्या मनगटात रुतली. तिच्या कपाळावर थंडीतही घाम. पुढे बाटलीचं कौतुक चाललेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून भासऱ्यांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी गाडीच्या काचा हादरतील अशी ओरडले.

"गाडी रोका! आत्ता रोका!"

करकचून ब्रेक लागला. हे वळून म्हणाले, "काय झालं बोंबलाले?"  मी मुलाला मधली सीट पाडायला लावली, तिला आधी बाहेर काढलं, मग मी उतरले. बांधावर, कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्याच्या सावलीत तिला टेकवून बसवलं. "हलून नाही राहिलं, आई," ती म्हणाली. मी पोटावर हात ठेवला. खरंच काही नव्हतं. पुरुष रस्त्यावर उभे, शोरूमवाला उगाच मोबाईल काढतो नि ठेवतो. मुलगा तिच्या पायाशी उकिडवा बसलेला, पांढराफटक. यांनी मागून म्हटलं, "अवो, हळूच तं चालवत होतो मी."

"पुढं हळू होती," मी म्हणाले. "मांगं नव्हती."

किती वेळ गेला कोण जाणे. मी देवाचं नाव घेत नव्हते, तुझं घेत होते. आणि मग माझ्या तळव्याखाली एक लाथ बसली. चांगली सणसणीत. सूनबाई रडायला लागली, मुलगा हसायला लागला, आणि मी तिथेच मातीत बसले. पण राग काही गेला नव्हता. उलट भीती ओसरली तसा तो वर आला. मी पदर खोचला आणि यांना म्हणाले, "आता तुमी दोघं मांगं बसा. याच रस्त्यानं जाऊन या."

हे भासऱ्यांकडे पाहू लागले. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. भासरे माझ्याकडे बघत नव्हते, पोरीकडे बघत होते. "चाल रे," ते म्हणाले. "बाई म्हणते तं बसून पाहू."

तुझ्या जावयाचं पोट तुला माहीत नाही, ते तू गेल्यानंतरचं आहे. ते घेऊन तिसऱ्या रांगेत शिरताना त्यांची जी तारांबळ उडाली ती बघून सूनबाईसुद्धा डोळे पुसता पुसता हसली. शोरूमवाल्याने चालवायला घेतलं. गाडी गिट्टीवरून लांबवर गेली, वळली, आली. भासरे कंबर धरून उतरले. यांचा एक हात डोक्यावर, छताला लागलं होतं.  मग भासरे म्हणाले, "पुढून डोंगा आहे रे, पण मांगून बैलबंडी आहे." शोरूमवाल्याने समजूत घालायचा प्रयत्न केला, "मॅडम, थर्ड रो तर लहान मुलांसाठीच असते." मी म्हणाले, "मंग पैसे घेताना सात जणाईची काहून म्हणता?" ज्याचं जळतं त्याला कळतं, माय, त्याला बिचाऱ्याला कुठून कळणार.

मग मी मधल्या रांगेत स्वतः बसून तोच रस्ता पाहिला. रागात असले तरी अन्याय करणार नाही: तिथे गाडी सांगतात तशीच आहे. खड्डा येतो तो पायाला कळतो, पोटाला कळत नाही. म्हणून मी हो म्हणाले. पाच जणांची गाडी म्हणून हो, आणि भाव पाच जणांचा करा म्हणून सांगितलं. यांनी तेवढ्यावर घासाघीस केलीही. त्याच दिवशी सूनबाईला त्याच गाडीच्या मधल्या रांगेत बसवून नागपूरला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ ठीक आहे, ताण पडला होता. मी निघता निघता तुझ्या जीपचं विचारलं. त्या म्हणाल्या, नुसत्या गचक्यांनी सहसा तसं होत नाही, पण इतक्या वर्षांनी कोण सांगणार. मला वाटलं होतं, हे ऐकून हलकं वाटेल. वाटलं नाही. बाळ कशानेही गेलं असो, तुला दुखत होतं आणि गाडी थांबली नाही, हे तर खरंच आहे.

गाडी आली. भासऱ्यांनी नवा कायदा केला, सून मधात बसणार, जागा कमी पडली तर ते घरी राहणार. गेल्या आठवड्यात पुन्हा नागपूरला निघालो तेव्हा सूनबाई मधल्या रांगेत पाय लांब करून, उशाला मुलगा. यांनी पुढचं दार उघडून मला म्हटलं, "बसा." आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे बसले. बटण दाबलं. पाठ चेपली जाऊ लागली, माय, आणि माझे डोळे मिटले. काचेतून शेतं अशी येत होती जशी कोणी माझ्यासाठीच पसरली असावीत. रस्ता कसा होता ते मला सांगता यायचं नाही.

दवाखान्यासमोर सगळे उतरले, आणि सगळ्यांच्या मागून, मधली सीट पाडून, वाकून, एका हाताने दार धरत आमच्या विहीणबाई उतरल्या. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून राहायला आल्या आहेत त्या. निघताना आपणहूनच मागे चढल्या होत्या. चेहरा उतरलेला. पातळ सारखं केलं आणि लेकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

हे पत्र मी कुठे टाकणार, तांदळाच्या कोठीवर राहील काही दिवस, मग चुलीत जाईल. त्याआधी एवढं तुला सांगते. पवनी ते नागपूर मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. विसरले असं कोणालाही पटलं असतं, पण तुला काय खोटं सांगू. वळले असते तर उठावं लागलं असतं.